कुईं गेली कुठे?

गाडीतला रेडिओ बंद पडला, म्हणून हे सगळं झालं.

रेडिओ चालू होता तोवर आमची गाडी ठणठणीत आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो बंद पडला आणि मला पहिल्यांदाच गाडी ऐकू आली. चाक खड्ड्यात गेलं की मागून, उजव्या बाजूने, 'कुईं'. कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तशी. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, चाकाला एक लाथ मारली (गाडीतलं मला एवढंच कळतं) आणि दुखरा पाय धरून लंगडत पुन्हा आत येऊन बसलो.

घरी आल्या आल्या बायकोला म्हटलं, "गाडी कुईं करते."

"मागून ना? उजवीकडून?" ती मटार सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली. "ती आहेच."

"आहेच म्हणजे?"

"आहेच म्हणजे आहेच. मी शाळेत होते तेव्हापासून आहे."

कुणाही शहाण्या माणसाने विषय इथे सोडून दिला असता. पण बायको एखादी गोष्ट शांतपणे सांगते, तेव्हा तिला त्यातलं काही कळत नाही असं समजायची मला खोड आहे. आरडाओरडा करून सांगते, तेव्हाही मी तसंच समजतो म्हणा.

ही गाडी मुळात सासरेबुवांची. मुलगी देताना त्यांनी मला नोकरी कायम आहे का, एवढंच विचारलं होतं. गाडी देताना मात्र माझ्या चष्म्याचा नंबर, झोप, राग आणि घराण्यात कुणी विसरभोळं आहे का, याची कसून चौकशी झाली. त्यांच्या डोळ्यांना दिसेनासं झालं आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं. त्या दिवशी म्हणे ते खाली जाऊन, दारं लावून, बंद गाडीत नुसतेच बसून राहिले होते. बायकोला त्यांनी याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. म्हणून गाडी तिच्याकडे आली. मी सोबत आलेला ड्रायव्हर.

गाडी थोरल्या मुलीला सोडून धाकटीकडे का गेली, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या साडूभाऊंना छळतोय. साडूभाऊंकडे शेड आहे. तुम्ही हवापाण्याबद्दल बोला, राजकारणाबद्दल बोला, कुणाच्या आजारपणाबद्दल बोला, ते बोलणं शेडपर्यंत आणून उभं करतातच. नेमके त्याच संध्याकाळी ते टपकले. त्यांना मीच कोपऱ्यापर्यंत सोडायला निघालो (माझीच हौस!) आणि वाटेतला खड्डा आला.

"कुईं," गाडी म्हणाली.

"अरेरे," साडूभाऊ म्हणाले. इतक्या आनंदाने कुणी अरेरे म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "बाबा रविवारी तुमच्याकडे येतायत ना? गाडीतून एक चक्कर मारणार म्हणतायत. गाडी नीट ठेवली असेल तर ठीक, नाहीतर कुठे ठेवायची ते बघू म्हणाले. मी म्हटलं, आमचं काही नाही. आमच्याकडे आपली शेड आहे."

घरी येऊन बायकोला हे सांगितलं तेव्हा मटार सोलणारे हात थांबले. "ताईकडे गेली की संपलंच," ती म्हणाली. "ते तिच्यावर कापड घालून ठेवतील. चालवणार कुणी नाही. आणि बाबांना वाटेल, धाकटीला सांभाळता आली नाही." मग जरा वेळाने म्हणाली, "एवढीच शंका असेल तर कोपऱ्यावर दाखवून या."

कोपऱ्यावर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. त्याचा मालक एका मोडक्या गाडीच्या सीटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघतो, की आपणच काहीतरी चोरून चाललोय असं वाटावं. मी त्याचं नाव खडूस ठेवलं होतं. येता-जाता त्याने मला आजवर एकदाही हसून दाखवलेलं नाही. (मी त्याला हसून दाखवलं होतं. त्याने मागे वळून, मी कुणाला हसतोय ते पाहिलं होतं.)

"त्याच्याकडे? ओळख ना पाळख! अगं, डॉक्टर, वकील, न्हावी आणि मेकॅनिक, ही माणसं ओळखीचीच हवीत. अनोळखी माणूस फसवतो."

"आणि ओळखीचा?"

"तोही फसवतो. पण निदान चहा पाजतो."

तर ओळखीचा मेकॅनिक शोधायचा, असं मी ठरवलं. एवढाच काय तो माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या कॅशिअरला विचारलं. तो एकदम खुर्चीतून उठला. "मेकॅनिक? अहो, माझा माणूस आहे ना! बाजाराच्या मागे. जा आणि नुसतं माझं नाव सांगा. बाकी काही बोलायची गरजच नाही."

हे मात्र त्याचं खरं निघालं. बाकी काही बोलायची गरज पडली नाही.

बाजाराच्या मागचा मेकॅनिक एका गाडीखाली झोपला होता. मी त्याच्या पायांना कॅशिअरचं नाव सांगितलं. पाय थांबले. मग हळूहळू अख्खा माणूस बाहेर आला.

"त्यांनी पाठवलंय तुम्हाला?"

"हो हो! अगदी खास सांगितलंय."

"खास माणूस तुम्ही त्यांचे?"

"अगदी घरच्यासारखा!" मी फुशारलो.

त्याने शांतपणे माझ्या हातातली किल्ली घेतली, खिशात टाकली आणि म्हणाला, "माझी शिडी कुठे आहे?"

"शिडी?"

"दोन दिवसांत आणून देतो म्हणून नेली होती. आता फोन उचलत नाहीत. शिडी आणा, गाडी न्या."

"अहो, पण शिडीचा आणि माझा काय संबंध?"

"आत्ताच म्हणालात ना, घरच्यासारखा?"

मी पुष्कळ समजावलं. मी त्यांच्या घरचा नाही, ऑफिसातला आहे. ऑफिसातलाही तसा लांबच्या टेबलावरचा आहे. खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडतसुद्धा नाही. पण प्रत्येक वाक्यानिशी मी त्याच्या नजरेतून उतरतच चाललो होतो. शेवटी बसने घरी आलो आणि गाडी 'निरीक्षणाखाली' ठेवलीय असं बायकोला सांगितलं.

कॅशिअर म्हणाला, "हात्तिच्या, शिडी होय! ती माझ्याकडे कुठे? मेहुण्याकडे आहे." मेहुणा म्हणाला, ती पेंटरकडे आहे. पेंटर शिडीवर होता. त्याला खाली उतरवून त्याच्या पायाखालची शिडी काढून घेताना मला किती शिव्या पडल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शिडी खांद्यावर घेऊन मी भर बाजारातून चाललो. वळताना मागचं टोक कुणाला लागलं म्हणून मागे बघायला वळावं, की पुढचं टोक दुसऱ्याला लागायचं. आमचे साहेब त्याच रस्त्याने त्यांच्या गाडीतून गेले. मी आजारी आहे म्हणून रजा टाकली होती.

शिडी मिळाल्यावर मेकॅनिकने प्रेमाने तिच्यावरून हात फिरवला आणि किल्ली परत दिली.

"आणि कुईं?" मी विचारलं.

"गाडीला हात कोण लावणार? शिडी नव्हती ना!"

मी येताना सगळे खड्डे चुकवत आलो. एक राहिला. "कुईं," गाडी म्हणाली.

यावर शहाणा झालो असतो तर तो मी कसला! उलट मला वाटलं, ओळख बरोबर होती, माणूस चुकीचा निवडला. म्हणून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. भारदस्त माणूस. कुणाकडून साधी सुईसुद्धा उसनी घेणार नाहीत. (मी ही खात्री आधी करून घेतली.) ते म्हणाले, "नदीपलीकडे जा. माझं नाव सांगा. माझा शब्द तो खाली पडू देत नाही."

नदीपलीकडच्या मेकॅनिकने नाव ऐकताच हातातला पाना खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"देवमाणूस! त्यांच्यामुळे मी आज उभा आहे. तुम्ही बसा. नाही, तुम्ही बसूच नका, घरी जा. आता ही गाडी तुमची नाही, माझी आहे."

"फक्त एक कुईं आहे हो," मी म्हटलं.

"कुईंचं काय घेऊन बसलात! त्यांचा माणूस आलाय आणि मी नुसती कुईं काढू?"

आता वाटतं, त्या वेळी शिडीवाल्याकडे परत पळत जायला हवं होतं.

दोन दिवसांनी गाडी घ्यायला गेलो. कुईं नव्हती, हे आधी कबूल करतो. मागच्या चाकाजवळचा जुना, झिजलेला रबरी बुश त्याने काढून फेकून दिला होता आणि नवा बसवला होता. गाडी खड्ड्यातून अशी जायची, की जणू तिने खड्डा पाहिलाच नाही. पण सेक्रेटरींवरचं त्याचं प्रेम बुशावर भागलं नव्हतं. हॉर्न बदलला होता. नवा हॉर्न वाजवला की मागून मोठा ट्रक आल्यासारखा वाटून रस्त्यावरची माणसं बाजूला उड्या मारायची. पहिल्यांदा मीही सीटवरच उडी मारली. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर सुरू व्हायचे. ("वायरिंग जरा कॉमन झालंय. पण काच स्वच्छ राहील.") आणि गाडी मागे घेताना बोलणारी एक बाई बसवली होती. बाईचा आवाज गोड होता, पण तिला पुढे-मागेचा फरक कळत नव्हता. गाडी कुठेही जात असली तरी ती म्हणायची, "कृपया सावध राहा. मी मागे येत आहे."

घरी येताना वाटेत बायकोचा फोन आला.

"कुठे आहात?"

"येतोच आहे. पाच मिनिटांत."

"कृपया सावध राहा," बाई म्हणाली.

"अहो, गाडीत कोण आहे?"

"कुणी नाही गं!"

"मी मागे येत आहे," बाई लाडात म्हणाली.

"कोण मागे येतंय? कुठे येतंय?"

"अगं, ती बाई नाहीये, ती मेकॅनिकने दिलीय!"

"मेकॅनिकने... काय?"

यापुढचा संवाद मी वळणावर होतो म्हणून थोडक्यात आटोपला. डावीकडे दिवा लावला, लख्ख कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागले, मी गडबडून हॉर्नवर हात ठेवला आणि समोरचा भाजीवाला टोपलीसकट ओट्यावर चढला. मी दाराशी गाडी लावली तेव्हा बायको खालीच उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, आत बसली, एक चक्कर मारून आली. बाई तिच्याशीही बोलली असावी. उतरल्यावर ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती म्हणाली, "गाडी मुकी झाल्यासारखी वाटते हो."

"मुकी? एवढी बडबड करतेय आणि मुकी?"

ती किल्ली माझ्या हातात ठेवून वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि रविवारी सासरेबुवा. ही असली गाडी त्यांच्यापुढे उभी करायची म्हणजे किल्ली आपल्या हाताने नेऊन साडूभाऊंच्या शेडला टांगायची.

शनिवारी सकाळी मुकाट्याने गाडी कोपऱ्यावर नेली.

खडूस त्याच्या मोडक्या सीटवर बसला होता. मी सगळी हकीकत सांगितली. थोडी सांगितली. म्हणजे शिडी वगळली, बाई वगळली आणि "आपोआपच बिघडली" असं म्हटलं.

"आपोआप?" खडूस म्हणाला.

"हो."

"हॉर्न आपोआप बदलला?"

मी वाकून टायरची हवा बघायला लागलो.

"हे बघा," तो म्हणाला, "गाडीला काय झालंय ते मी शोधतो. माणूस खोटं बोलायला लागला की ते आणखी एक काम वाढतं. म्हणून मी अनोळखी गिऱ्हाइकाची गाडी घेत नाही. तुम्हाला कोण ओळखतं?"

मला वाटलं, माझे कान वाजतायत. "अहो, गिऱ्हाइकाने मेकॅनिकची ओळख काढायची असते!"

"तुमच्याकडे असेल तशी पद्धत. माझ्याकडे ही आहे. कुणाचं तरी नाव सांगा."

मी आठवायला लागलो. कॅशिअर शिडीमुळे बोलत नव्हता. साहेबांनी मला शिडीसकट पाहिलं होतं. सेक्रेटरींना तर मी त्यांच्या देवमाणूसपणाबद्दल दोन शब्द नुकतेच ऐकवून आलो होतो. कायम नोकरी, स्वतःचं घर, इतक्या वर्षांचा संसार, आणि भर शनिवारी माझी हमी घेईल असा एक माणूस मला आठवेना. वाईट वाटलं हो. खरंच वाईट वाटलं.

"गाडी कुणाची?" खडूसने विचारलं.

"सासऱ्यांची."

"मग त्यांनाच लावा."

"त्यांना नको! त्यांना गाडीचं कळता कामा नये!"

"गाडीचं मी बोलणारच नाही. तुमच्याबद्दल विचारतो." आणि माझ्याकडून नंबर घेऊन त्याने फोन लावलासुद्धा. स्पीकरवर.

"हॅलो, मी गॅरेजमधून बोलतोय. तुमचे जावई इथे उभे आहेत."

"गाडी बरी आहे ना?" सासरेबुवांनी आधी तेच विचारलं.

"मला जावयांचं विचारायचंय. माणूस कसा आहे?"

मी फोनकडे आशेने बघत होतो.

"तसा निरुपद्रवी आहे," सासरेबुवा म्हणाले.

"खोटं बोलतो?"

"बोलायला जातो. पण त्याला जमत नाही."

"मग चालेल," खडूस म्हणाला आणि माझ्याकडे प्रथमच जरा आपुलकीने पाहिलं.

पण सासरेबुवा फोन ठेवायला तयार नव्हते. "ऐका हो, ती कुईं येते ना अजून?"

मी दोन्ही हात हलवले, कान धरले, हात जोडले. खडूस म्हणाला, "मी अजून गाडी चालवली नाही." (खरंच होतं ते.)

"मागून येते. उजवीकडून. धाकटी लहान होती तेव्हापासून येते," सासरेबुवा सांगत होते. "आता मला रस्ता दिसत नाही. पण कुईं ऐकली की कळतं, हा शाळेपुढचा खड्डा, हे पुलाचं चढण. तेवढ्यासाठी तर उद्या येतोय. ती बंद झाली तर समजायचं, माझ्या गाडीचं काहीतरी बिघडलं."

फोन बंद झाला. मला बायकोचे मटार आठवले. ती आहेच, असं ती म्हणाली होती. मी तिचं ऐकलं असतं, तर आत्ता घरी पेपर वाचत बसलो असतो.

खडूसने संध्याकाळपर्यंत बाईला गप्प केलं, वायपरचं आणि दिव्याचं लग्न मोडलं, जुन्यासारखा साधा हॉर्न बसवला. ओव्हरहॉल नाही, पॉलिश नाही, जास्तीचं काही नाही. खरा मेकॅनिक मला शेवटी सापडला होता. माझ्या घरापासून दोन मिनिटांवर.

"आणि कुईं?" मी म्हटलं. "ती परत घालून द्या."

"काय?"

"अहो, बुश थोडा कापा, घासा, त्याला काहीतरी करा. पण कुईं हवी."

खडूस उभा राहिला. "चांगला बुश मी खराब करू? माझ्या हाताने?"

"मी सांगतोय ना! मी गिऱ्हाईक आहे!"

"आवाज काढणं माझं काम. आवाज घालणं नाही. चालवत राहा. होईल हळूहळू, सात-आठ वर्षांत."

आता तुम्हीच सांगा! आठवडाभर मी प्रामाणिक मेकॅनिक शोधत होतो, तेव्हा तो मिळाला नाही. आणि ज्या दिवशी मला एक लबाड मेकॅनिक हवा होता, त्या दिवशी हा हरिश्चंद्र माझ्या नशिबी आला.

घरी जाऊन मी न्हाणीघराचं दार लावून घेतलं. ओठ मिटायचे, जीभ टाळूला लावायची आणि नाकातून, जरा वरच्या पट्टीत. पहिल्या खेपेला म्हशीसारखं आलं. मग दारासारखं. मग बऱ्याच वेळाने, हुबेहूब.

"अहो," बायको बाहेरून म्हणाली, "नळ बिघडलाय का?"

मी दार उघडलं आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणेल, बाबांना सरळ सांगून टाका. तेच शहाणपणाचं होतं. पण तिच्याही डोळ्यांपुढे ती शेड असावी. "उजवीकडे बसा," ती एवढंच म्हणाली. "मी चालवते."

रविवारी सासरेबुवा आले. गाडीच्या टपावरून त्यांनी हात फिरवला, हँडल चाचपलं, पुढे बसले, काच खाली केली. बायकोने स्टिअरिंग धरलं. मी मागे, उजव्या कोपऱ्यात, ओठ मिटून.

पहिला खड्डा आला. "कुईं," मी म्हणालो.

सासरेबुवांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "शाळा," ते म्हणाले. आरशात मला बायकोचे डोळे दिसले. ते भरून आले होते, की ती हसू दाबत होती, कुणास ठाऊक. दोन्ही असेल.

पुलाचं चढण आलं. "कुईं." वळणावरचा उंचवटा आला. "कुईं." मी रंगात आलो होतो. म्हातारा एकेका आवाजावर एकेक जागा ओळखत होता. इथे तुझी सायकल पडली होती. इथे तुझ्या आईची चप्पल राहिली होती. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. आयुष्यात प्रथमच मी सासऱ्यांच्या काहीतरी उपयोगी पडत होतो.

मग रस्ता आडवा खोदून बुजवलेला एक भाग आला. लागोपाठ गचके. "कुईं, कुईं, कुईं, कुईं..." माझा श्वास संपला. पुढचा गचका कोरडाच गेला. मी घाईघाईने हवा घेतली आणि गाडी सपाट रस्त्याला लागल्यावर म्हणालो, "कुईं."

"जरा उशिरा आली," सासरेबुवा म्हणाले.

"गाडीचं वय झालंय बाबा," बायको म्हणाली. तिचे खांदे गदगदत होते.

दारात गाडी लावून आम्ही उतरलो. घरात येऊन सासरेबुवा खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी उत्तम ठेवलीय. इथेच राहू दे. थोरल्या जावयांना सांगा, शेडमध्ये लाकडं ठेवा."

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. जिंकलो! साडूभाऊंचा चेहरा डोळ्यांपुढे आणून मी मनातल्या मनात त्याला गुदगुल्या करत होतो. तेवढ्यात सासरेबुवांनी लेकीला जवळ बोलावलं आणि म्हाताऱ्या माणसांना जी कुजबुज वाटते, त्या आवाजात म्हणाले,

"बुश बदलला ना? बरं केलंत. मीच इतकी वर्षं टाळत होतो. गाडीची कुईं गेली त्याचं काही नाही पोरी. पण जावईबापूंच्या छातीतून येतेय ती बरी नाही. गचका बसला की येते आणि आता उशिरा यायला लागलीय. कुणाला तरी दाखवा. ओळखीचा डॉक्टर असेल तर बरा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं मायेने तिने माझ्याकडे क्वचितच पाहिलं असेल.

"नको बाबा," ती म्हणाली. "यांची ती आहेच. लग्न झाल्यापासून आहे. बंद झाली तर मी समजेन, यांचं काहीतरी बिघडलं."

सासरेबुवा खो खो हसायला लागले. तीही हसायला लागली. म्हणजे सासरेबुवांनी पहिल्या खड्ड्यापासूनच ओळखलं होतं, हिला ते कळलंही होतं आणि मी मात्र मागे बसून जीव काढत होतो! आता गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलं. छाती पुढे काढली, दोघांकडे करड्या नजरेने पाहिलं आणि ठणकावून बोलायला तरातरा पुढे निघालो. नेमका पाय सतरंजीच्या घडीत अडकला आणि गचका बसला.

"कुईं," मी म्हणालो.